टोपी वर केली, म्हणजे लागली

चुकली? इतक्यात चुकली? अरे बाबा, नळी अजून गरम आहे आणि तुझा निकाल लागलासुद्धा! बस खाली. बस म्हणतो ना — उठलास की मागचा तो खडक आणि पुढचं ते झुडूप यांची जी रेघ आहे ती तुझ्या डोळ्यातून गेलीच म्हणून समज, मग दिवसभर पलीकडच्या उतारावर भटकत बस, तो कोल्ह्याच्या जातीचा चोर, कायोटी, उभा होता ती जागा काही तुला सापडायची नाही. नवखे सगळे हेच करतात. गोळी झाडली की दोघंही उठून धावत सुटतात, ओहळ ओलांडून वर जातात आणि मग एकमेकांच्या तोंडाकडं बघतात — कुठलं रे झुडूप? सगळीकडं सेजची तीच राखाडी झुडपं! इथून माणसाएवढं दिसणारं झुडूप तिथं गेल्यावर गुडघ्याएवढं निघतं. म्हणून आमच्याकडं मारणारा जागचा हलत नाही. दुसरा जातो. मारणारा इथूनच टोपीनं दाखवतो — उजवीकडं, अजून उजवीकडं, आता वर. अर्लीन गेलीय ना, तिला सगळं पाठ आहे, लग्न झाल्यापासून तीच जातेय. आणि तू ती दुर्बीण खाली ठेव जरा. ठेव रे. शोधत असताना कुणी बघितलेलं तिला आवडत नाही. ओहळ उतरताना बसून घसरत जावं लागतं तिला हल्ली, ते कशाला परक्या माणसानं बघायचं.

कॉफी घे. थर्मासात आहे, त्या खोगिराच्या पिशवीत. साखर नाही, साखर विसरली ती आज. असं कधी होत नाही — असो.

हे बघ डेल, तुला कौंटीनं, जिल्ह्याच्या कचेरीनं पाठवलं असं तू म्हणशील, आणि पगार तुला कौंटीच देते, ते खरं. पण पाठवलं रॉईसनं. मला राग नाही. रॉईस भला माणूस आहे, त्याचा बापही भला होता. त्याच्या मेंढ्या आणि माझ्या मेंढ्या इतकी वर्षं याच उतारावर वितात, मधे कुंपणं-बिंपणं आम्ही कधी घातली नाहीत, त्यानं विहिरीचं आणि मेंढवाड्यांचं बघायचं, मी कायोट्यांचं. राखण माझी. हा कडा, ही जागा, इथला हा दगड — पाठ टेकायला मीच आणून ठेवला. आणि या वसंतात त्याची कोकरं जायला लागली. एक गेलं, मग दोन, मग जुळ्यांतलं एक. तेव्हा आला तो माझ्याकडं, टोपी हातात धरून उभा राहिला दारात, माझ्याच दारात, आणि म्हणाला, वेंडेल, वाईट वाटून घेऊ नकोस, कौंटीचा माणूस एक सकाळ तुझ्याशेजारी बसू दे. तुझी गोळी लागली तर हा हंगाम तुझा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. चुकली तर राखण त्याच्याकडं. मी म्हटलं ठीक आहे. काय म्हणणार दुसरं? कोकरं त्याची मेलीत. आणि राखण गेली की मी इथं कशाला हवाय सांग — गुडघे गेलेले, लोकर कातरायला उपयोग नाही, ट्रॅक्टर नातजावई चालवतो. मग मेंढ्या रॉईसला द्यायच्या, आणि जोलीनकडं शहरात, कॅस्परला जाऊन राहायचं. जोलीन म्हणजे आमची मुलगी. मागची खोली रंगवून ठेवलीय म्हणे तिनं. पिवळी. त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं विचारलं तर म्हणाली, बाबा, शेजाऱ्यांची खिडकी दिसते.

तर ही एक गोळी. हिच्यावर सगळं. आणि तू म्हणतोस चुकली.

का म्हणतोस? नाही, सांग तरी. शेपूट? सरळ होतं, बरं. शेपूट सरळ धरून पळाला, मान्य. ज्याला पोटात किंवा मागच्या पायात लागते तो गोल फिरतो, स्वतःच्याच कुशीला चावतो, शेपूट चक्रासारखं फिरवतो — ते आंधळ्यालाही कळतं. आणि चुकलेला? चुकलेला नीट पळतो आणि वर कड्यावर गेला की थांबून वळून बघतो. खोड असते त्यांची, कुठून आवाज आला ते बघितल्याशिवाय जीव राहत नाही. हा थांबला का? नाही ना थांबला? बघ! तो उंचवट्याआड गेला आणि पलीकडून बाहेर आला नाही. तू बघत होतास ना दुर्बिणीतून, आला का बाहेर? मग. फुप्फुसात लागलेला असाच पळतो, काही झालंच नाही असा, जमिनीला पोट लावून, तीरासारखा, आणि मग मध्येच पुढचे पाय दुमडतात. कितीतरी जणांनी असा कायोटी चुकला म्हणून सोडलाय आणि तो पन्नास पावलांवर मरून पडलेला. धूळ? धुळीचं काय सांगतोस! परवा गारा पडल्यात, जमीन ओली आहे, आज गोळी कुठंही पडली तरी धूळ उडायची नाही. उन्हाळ्यात धुळीवर जाता येतं. पलीकडं उडाली तर वरून गेली, अलीकडं उडाली तर कमी पडली. एप्रिलमध्ये धुळीवर जाणारा माणूस फसतो.

एप्रिलमध्ये कानावर जायचं. ऐकलंस का तू? नाहीच ऐकणार. तुझ्या कानात ते पिवळे बोळे होते. तुमच्या खात्याचा नियम असेल, असू दे, मी हसत नाही, माझा डावा कान या रायफलीनंच खाल्लाय, आता तिकडून अर्लीननं हाक मारली तर नुसतं गुणगुणल्यासारखं होतं. पण उजवा शाबूत आहे. आणि उजव्या कानानं मी ऐकलं. आधी आपला बार होतो, तो दोन्ही उतारांवर आपटून फिरतो, आणि तो विरायच्या आत पलीकडून परत येतो दुसरा आवाज. छोटा असतो. मातीत गेली तर ठक् येतो, दगडावर गेली तर शीळ येते, आणि अंगात गेली तर — थप्प. ओल्या पोत्यावर हाताचा पंजा मारावा ना, तसा. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. आज आला तो. स्वच्छ आला. तू कानात बोळे घालून बसलास आणि डोळ्यांनी निकाल दिलास, मी तुला दोष देत नाही, पण आवाज आला. मी गोळी झाडल्यावर गप्प का बसलो होतो मग? तेच ऐकत होतो. किती दिवसांनी ऐकला तो आवाज.

काय? किती दिवसांनी म्हणजे? म्हणजे — बरेच. तसं नाही रे, वाऱ्यावर असतं, दरवेळी ऐकू येतोच असं नाही.

नाही, ते खरं आहे, या हंगामात पाच-सहा पाडले मी. अर्लीननंच सांगितलं. जागेवर जो उभा असतो त्याचा शब्द आमच्याकडं शेवटचा — मारणाऱ्यानं काही म्हणायचं नसतं. मारणाऱ्याला वाटतंच असतं लागली म्हणून, त्याला विचारून काय उपयोग? तो लांब असतो, त्याची नजर बारानं हललेली असते, आणि त्याला हवंच असतं लागलेलं. म्हणून जो तिथं जातो, खाली वाकून बघतो, केस पडलेत का, रक्ताचा थेंब कुठल्या पात्यावर आहे, पात्याच्या कुठल्या बाजूला आहे — तो सांगेल ते. टोपी डोक्यावर उंच धरली म्हणजे लागली, सापडला. दोन्ही हात डोक्यावर फुली केले म्हणजे चुकली, काही नाही, परत येतो. टोपी आडवी हलवली म्हणजे रक्त आहे, अजून शोधतोय, थांबा. एवढंच. इतक्या लांबून यापेक्षा जास्त काय बोलणार. आणि अर्लीननं पाच-सहा वेळा टोपी वर केली या हंगामात. मग ते लागलेलेच की नाही?

शेपट्या? आणत नाही ती. खरूज असते त्यांना, हाताला लागते.

तुला वाटतंय मी काहीतरी लपवतोय. बघतोयस कसा! अरे, लपवायचंय काय. हे बघ, लांबची गोळी लागली की चुकली हे नीट ठरवावं लागतं, कारण दोन्हीकडून मार आहे. लागलेल्याला चुकला म्हणून सोडलं तर तो तीन पायांवर जगतो, त्याला ससा धरता येत नाही, मग तो कोकरं धरतो. आणि चुकलेल्याला लागला म्हटलं — तर माणूस पाळत उठवतो. आपण निश्चिंत घरी जातो, बिस्किटं आणि ग्रेव्ही खातो, आणि तो धडधाकट कायोटी दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वाटेनं परत येतो, कारण इथं आता कुणी बसलेलं नसतं. रॉईसचं पहिलं कोकरू गेलं ते असंच. मी आदल्या दिवशी या जागेवरून मारला होता एक, ती गेली, टोपी वर केली. आणि मी म्हटलं झालं काम, चल घरी. मला थप्प आला नव्हता. मला ठक् आला होता. मातीचा.

हो. ऐकला होता.

आता विचारू नकोस की मग बोलला का नाहीस. काय बोलायचं? ती वर चढून आली, धापा टाकत, नाकावर घाम, आणि म्हणाली, छान लागली वेंडेल, ओहळाच्या तोंडाशी पडलाय, जुना नर होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हटलं, हो का? दात झिजलेले होते? तर म्हणाली, हो, अगदी झिजलेले. बघ, दातसुद्धा सांगितले तिनं! आणि मग मला कॉफी ओतून दिली. अशा बाईला काय म्हणायचं तू सांग. तू खोटं बोलतेस म्हणायचं? ज्यासाठी बोलते ते मला कळत नाही का? त्याच्या आधी शरदात मी एकामागून एक चुकवल्या होत्या आणि तिनं दर वेळी खरं सांगितलं होतं, हात फुली केले होते, आणि दर वेळी परतताना मी गाडीत एक शब्द बोललो नव्हतो. एकदा तर जेवलो नाही. रुसून बसलो म्हणेनास, म्हातारपणी माणूस असा हट्टी होतो. मग तिनं वसंतापासून टोपी वर करायला सुरुवात केली. मी मूग गिळून गप्प बसलो. तिनं टोपी वर केली की मला बरं वाटायचं रे, खोटं आहे हे ठाऊक असून बरं वाटायचं, दोन दिवस बरं वाटायचं. मग रॉईसचं कोकरू मेल्याचं कळायचं.

रॉईसला सांगणार असशील तर सांग. मला आता ओझं वाहवत नाही. पण आजचं वेगळं आहे. आजची लागलीय. आज तिला खोटं बोलावं लागणार नाही, आज टोपी वर करील ती आणि ते खरं असेल, एवढंच मला हवंय. एक तरी खरी. राखण राहिली तर नीट करीन मी, तू शेजारी बसून बघ हवं तर हंगामभर, दुर्बीण तू धर, मी फक्त — जाऊ दे. बघ आता, ती जुनिपरपाशी पोचली असेल, तिथं ती जरा टेकते, डाव्या हातानं फांदी धरते —

काय? अजून ओहळातच आहे? हं. हळू चालते ती आज.

नाही, दिसतं मला. दिसतं म्हणजे ऊन समोर आहे ना. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं इथं. रायफलीच्या दुर्बिणीतून दिसतं मला, चांगलं दिसतं, ती काच जवळ ओढून आणते, कडेकडेनं बघितलं की जमतं, मधोमध तेवढं धुरकट आहे. तेवढ्यानं काही अडत नाही. पण ती उतारावर असताना रायफल मी उचलत नाही. खटका उघडा, गोळी बाहेर, नळी आकाशाकडं — ती परत येईपर्यंत रायफल तिच्या दिशेला वळवायची नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मग नुसत्या डोळ्यांनी काय, पलीकडचा उतार सगळा एकच राखाडी. ती कुठं आहे ते मला वाट ठाऊक आहे म्हणून ठाऊक असतं. आता ओहळात, आता जुनिपर, आता सपाट खडक.

आणि टोपी मी हलवतोच. अंदाजानं हलवतो. तिलाही ठाऊक असावं. नाही, ठाऊकच आहे. आता सांगतोच तुला, कुणाला तरी सांगायला हवं आणि जोलीनला सांगितलं तर ती उद्याच ट्रक घेऊन येईल. मागच्या आठवड्यात पाऊस होऊन गेला होता, ती अशीच गेली. मी इथं बसलो आणि टोपीनं दाखवत राहिलो. उजवीकडं. अजून उजवीकडं. वर. बराच वेळ दाखवत होतो. मला वाटलं शोधतेय. हात दुखायला लागला म्हणून टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा दाखवत राहिलो. मग टिली आली — आमची कुत्री, आता तिच्याबरोबर गेलीय ना तीच — एकटीच वर आली, पोटापर्यंत चिखल, आणि माझी बाही दातात धरून ओढायला लागली. अर्लीन ओहळात पडली होती. घोटा मुरगळून, पाण्यात अर्धी. मी बघत होतो त्याच दिशेला पडली होती रे. आणि मी टोपी हलवतोय, उजवीकडं, उजवीकडं. तिनं हाका मारल्या असतील तर त्या डाव्या कानाकडून.

तिनं काही म्हटलं नाही. मी खाली जाऊन तिला उठवलं, कसंबसं दोघं वर आलो, तर म्हणाली, बुटात खडा गेला होता म्हणून बसले होते. अंगावरून पाणी गळतंय आणि म्हणे बुटात खडा! आणि त्याही दिवशी म्हणाली, लागली बरं का तुझी. पण त्या दिवसापासून गप्प गप्प असते. पूर्वी गाडीत सारखी बडबड करायची, कोण कुणाकडं गेलं, कुणाच्या घोडीला शिंगरू झालं. आता खिडकीतून बघत बसते. काल न्याहारीला मी म्हटलं, उद्या तो कौंटीचा माणूस येणार, एक चांगली गोळी लागली की झालं, मग हा हंगाम आपला आणि पुढचाही आपलाच. तर तिनं बशी पुसता पुसता विचारलं, पुढचाही? एवढंच. मी म्हटलं हो, का? तर म्हणाली, काही नाही. आणि आज साखर विसरली.

दमलीय ती. मला दिसत नाही असं नाही. म्हणजे तेवढं दिसतं. मी पण दमलोय, पण मी इथं बसून दमलोय, ती चालून दमलीय. फरक आहे त्यात. पण म्हटलं आज एकदा लागू दे, मग तिला म्हणेन, आता तू जाऊ नकोस, डेल जाईल, नाहीतर रॉईसचा कुणी —

श्श. थांब. ऐकलं?

टिली! टिली भुंकली. ऐकलंस ना, आता तर बोळे नाहीत कानात! तीन वेळा भुंकून गप्प झाली. अरे, ती कुत्री उगाच भुंकत नाही, सशावर नाही, सापावर नाही, कधीच नाही. मेलेला कायोटी सापडला की त्याच्यापासून चार हात लांब उभी राहते आणि भुंकते, तेवढंच तिचं काम आहे जगात. या अख्ख्या हंगामात भुंकली नव्हती. एकदाही नाही! सांगितलं ना तुला, थप्प आला होता, फुप्फुसातच लागली असणार, उंचवट्याआडच पडला असणार! कुठून भुंकली? उंचवट्याच्या पलीकडून ना? बघ! उचल ती दुर्बीण, उचल, आता बघितलंस तरी चालेल, आता तिला काही वाटणार नाही. दिसतेय का अर्लीन? उंचवट्यावर आहे? वाकलीय? वाकली असणार, बघत असेल कुठं लागली ते. मला सांगत राहा. मला नको दुर्बीण, मधोमध सगळं धुरकट, मला काय दिसणार त्यातून. तू सांग.

उभी राहिली? बरं. टोपी काढली का? काढली. हं. वर करील आता. डोक्यावरून वर, दोन्ही हातांनी धरते ती, उंच. केली?

नाही केली. मग काय करतेय? नुसती उभी. इकडं बघतेय. वेळ लागतो तिला. दम लागलेला असतो ना, श्वास घेत असेल.

अजून उभीच?

काय करतेय, डेल?

नाही. नीट बघ. टोपी हातात आहे आणि हात वर, असं असेल. वर म्हणजे — नीट बघ रे बाबा, काच पूस. फुली?

दोन्ही हात?

अजून धरलेत? खाली केले नाहीत अजून? पुढचाही, असं विचारलं होतं तिनं काल.

हं.

नाही. काही नाही झालं मला. कॉफीचं झाकण दे ते. कुठं पडलं? असू दे, असू दे, राहू दे.

चुकली. जागेवरून ती सांगतेय म्हणजे चुकली. तू म्हणालास ते बरोबर होतं, तरणे डोळे आहेत तुझे, सरळ शेपटीनं पळाला, वरून गेली असणार गोळी. ओहळावरून अंतर कमी वाटतं सकाळचं, मी जास्तच वर धरली असेल. काय? टिलीचं काय? अरे, टिली म्हातारी झालीय. ती हल्ली कशावरही भुंकते. काल बादलीवर भुंकत होती. मी म्हणालो होतो? मी काय काय बोलत असतो, तू माझं कुठं मनावर घेतोस. आणि आवाजाचं पण सोड, एका कानाचा माणूस मी, मला काय ऐकू येतंय डोंबल. वाऱ्यानं सेजची फांदी आपटली असेल कुठंतरी.

कुठं निघालास? तिकडं नाही. तिकडं जायचं काही कारण नाही, डेल. बस म्हणत नाही मी आता तुला, पण पलीकडं जायचं नाही. काय बघणार आहेस तिथं? तिनं बघितलंय. तिच्या शब्दावर कुणी जाऊन शहानिशा केलेली मी चालवून घेतलेली नाही, रॉईसच्या बापालाही नाही, तू तर कालचा आलेला. तिनं लागली म्हटलं तेव्हा लागली, तिनं चुकली म्हटलं की चुकली. खाली ठेव ती दुर्बीण. दुर्बीण खाली ठेव!

ओरडलो, माफ कर. तुझी चूक नाही.

हे घे. फाटकाची किल्ली आहे, वरच्या कुरणाच्या. जरा उचलून मग फिरव, बिजागरी खाली बसलीय. आणि रॉईसला जाताना सांग, वेंडेलची चुकली. एवढंच सांग, बाकीचं मी बोललो ते तुझ्यापाशी राहू दे. तिनं आधी टोप्या वर केल्या ते तर बिलकूल नको. आणि सांग की मेंढ्यांचं मी संध्याकाळी येऊन बोलेन, गडबड करू नकोस म्हणावं, वितायत अजून. जोलीनला मी फोन करीन. नाही, मीच करीन, अर्लीनला नाही करायला लावायचा. तिला मी सांगेन की मलाच कंटाळा आला होता. विश्वास ठेवील. नाही ठेवला तरी ठेवल्यासारखं करील, एवढं येतं आम्हाला दोघांनाही.

गाडी वरच्या रस्त्यानं ने. ओहळाकडच्या रस्त्यानं नको, चिखल आहे, आणि ती तिथूनच वर येईल. येताना फार दमलेली असते, तिला कुणाशी बोलवत नाही. तू समोर आलास की हसावं लागेल, विचारपूस करावी लागेल. हो, उंचवट्यापलीकडं घिरट्या घालतायत ते कावळे दिसले मला. ऐकले. एप्रिलमध्ये फिरतातच ते. तू निघ.

आणि जाता जाता एवढं सांग, कुठं आहे ती आता? अजून उंचवट्यावरच, इकडं तोंड करून? सपाट खडकाच्या उजवीकडं की डावीकडं? उजवीकडं. बरं. मला टोपी हलवायला हवी ना, नाहीतर ती हात खाली करायची नाही. तिला कळायला हवं की मी बघितलं.

जा आता.